फुलसिंगचा कान

"त्या लोखंडानं आपले बैल खाल्ले, अन् तू त्याचीच चाकरी करायला चालला?"

हे मी चोरून ऐकलं असं कोणी म्हणू नये. मी माझ्या वावरात कापूस वेचत बसले होते. रेल्वे लाईनीच्या काठाला आमचं वावर, मधे नुसता बांध. बांधावरच्या बोरीखाली तांड्यावरचा लखमा आणि त्याचा पोरगा फुलसिंग उभे राहून भांडत होते. भांडणाऱ्या माणसाला पऱ्हाटीत बसलेली बाई दिसत नाही, आणि त्या बाईला कान झाकता येत नाहीत, कारण दोन्ही हात कापसात असतात. चाळीस वर्षं होऊन गेली त्याला.

भांडण त्यांच्या गोरबोलीत होतं. पण तांडा आमच्या शिवाराला लागूनच, त्यामुळे ती बोली मला बारा आणे तरी कळायची.

"बैल तुमी तरी कुठं पाहिले, बाबा?" फुलसिंग म्हणाला.

"बैल न्हाई पाहिले. घंटी पाहिली. घरात टांगलेली हाय ती कोणाची वाटली तुला?"

ती घंटी मीही पाहिली होती. लखमाच्या आज्याची लदेणी होती. म्हणजे सत्तर बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या घालून मुलूखभर फिरायचं. मग निजामाच्या राज्यात इथून आगगाडीची लाईन पडली. बैलाला जिथं दहा दिवस लागायचे तिथं गाडी दिवस मावळायच्या आत पोचू लागली. हळूहळू बैल गेले, गोण्या गेल्या, आणि पुढं चालणाऱ्या म्होरक्या बैलाची पितळेची घंटी तेवढी घरात राहिली.

"माझा आज्या डोळे मिटून मागं चालायचा," लखमा म्हणाला. "सत्तर घंट्या वाजून राहिल्या तरी त्यातला कोणता बैल लंगडतो ते त्याला आवाजावरून कळायचं. बैलाला जीव असतो. रुळाला काय हाय?"

"आवाज हाय ना."

यावर लखमा चार पावलं तांड्याकडं चालला. मला वाटलं, मिटलं. पण तसं नव्हतं. तो म्हणाला, "हे लोखंड एक दिवस तुला बी खाईल. लिहून ठेव."

लिहायला दोघांनाही येत नव्हतं ती गोष्ट वेगळी. लखमानं तेव्हाच सांगितलं, मी त्या गाडीत जन्मात पाय ठेवणार नाही. आणि ठेवला नाही. शेवटच्या दुखण्यात त्याला नांदेडला न्यायचं होतं, तरी गाडीत बसेना. टेंपोतून न्यावं लागलं. आता टेंपो काय बाभळीचा होता? पण मरायला टेकलेल्या माणसाशी वाद घालू नये.

मी ते बोलणं कोणाला सांगितलं नाही, आमच्या मालकांनाही नाही. पण दोन वर्षांपूर्वीच्या पौषात रोज सकाळी मला ते आठवायचं, आणि हातातलं खुरपं थांबायचं.

फुलसिंग आधी लाईनीवर गँगमध्ये लागला. तेव्हा आमची लाईन छोटी होती. काळं इंजिन, लाल डबे, आणि दर तेरा-चौदा पावलांवर रुळाला जोड. त्या जोडांवरून चाक गेलं की खडाक-खडाक असा ठेका यायचा. माझी पोरं त्या ठेक्यावर झोपायची. आणि गँगची माणसं रूळ उचलायची तीही गाण्यावरच. सेवा म्हणून मुकादम होता, तो पुढं म्हणायचा आणि बाकीचे जोर लावत मागं म्हणायचे.

"वजन लई हाय काय?"

"हैसा."

"सासूपरीस न्हाई."

"हैसा."

आम्ही सासू-सुना पिकाच्या एकाच ओळीत निंदत असलो की सासूबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. मीही करायची.

पुढं फुलसिंग चावीवाला झाला. रुळाला खाली घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या असतात, त्या ढिल्या तर झाल्या नाहीत ना ते बघत, ठोकत, रोज सकाळी ठेसनापासून तीन कोस जायचं आणि परत यायचं. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, कमरेला लाल झेंडी. आमच्या बांधाला आला की थांबायचा.

"आक्का, पाणी."

"घे. आज काय म्हणतो रूळ?"

"गात हाय."

एवढंच बोलणं, पण पंचवीस वर्षं. छोटी लाईन उखडून मोठी आली, तेव्हा रूळ जाळून एकमेकाला जोडले. जोड राहिले नाहीत, ठेका गेला. फुलसिंगला फार लागलं ते. म्हणाला, "आक्का, आता गाडी गात न्हाई. नुसती जाते." मग त्यानं आपली रीत बदलली. जिथं रूळ रुळाला जाळून जोडलाय तिथं हातोडा मारायचा, खाली वाकून रुळाला कान लावायचा आणि तो आवाज विरेपर्यंत ऐकायचा. चांगला रूळ लांबवर घुमतो. पोटात दुखणं असलं की आवाज आखूड येतो, बद्द.

आणि असा बद्द आवाज आला, पण डोळ्याला काही दिसलं नाही, की तो रुळाच्या बाजूला पाच दगड एकावर एक रचून ठेवायचा. ही लदेणीची चाल. पुढचा तांडा मागच्या तांड्याला सांगून जायचा, की इथं जमीन कच्ची हाय, बैल जपून हाका. सेवा मुकादमाला त्या दगडांचा अर्थ ठाऊक होता. दगड दिसले की तो माणसं लावून जागा तपासायचा. सेवा गेला, त्याच्या जागी जगन मुकादम आला. जगन तसा तांड्यावरचाच, पण शहरात वाढलेला. त्याला दगड म्हणजे दगड.

त्या पौषात थंडी फार पडली. हळदीचा पाला कापताना बोटं वळत नव्हती. थंडीत रूळ आखडतो, असं फुलसिंग सांगायचा. एका सकाळी आमच्या बांधासमोरच त्यानं पाच दगड रचले. जगनला तोंडी सांगितलंही. जगन म्हणाला, "दिवाळीत रूळ तपासायची मशीन फिरली काका, सगळं बराबर हाय. तुमच्या नोकरीचे पाच हप्ते राहिले, सुखानं काढा."

त्याच दिवसांत विजयकुमार आला. वसमतला त्याचा फोटोचा स्टुडिओ. लग्नाचे फोटो पोटासाठी आणि गाडीचे फोटो जिवासाठी, असं तोच सांगायचा. छोट्या लाईनीच्या शेवटच्या गाडीचे त्याचे फोटो मी पाहिले आहेत, इंजिनाला तांड्यावरच्या बायांनी हार घातलेले. त्या सकाळी तो धुक्यातल्या गाडीसाठी आला होता. गाडीला वेळ होता, आणि त्याला दिसला फुलसिंग. रुळाला कान, डोळे मिटलेले, पिकलेले केस, रुळावर दव.

त्यानं मला कॅमेऱ्यातच दाखवला. "पाहा आक्का. जसं काही लेकराच्या छातीला कान लावलाय."

खोटं कशाला सांगू, फोटो पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तो मोबाईलवर टाकला. तिसऱ्या दिवशी तो फिरत फिरत माझ्या नातीच्या मोबाईलवर आला, तेव्हा कोणीतरी खाली लिहिलं होतं, 'सरकारी नोकर ड्यूटीवर झोपला.' चौथ्या दिवशी दुसऱ्यानं फोटोतल्या पाच दगडांभोवती लाल गोल काढला होता. 'रुळाजवळ हे दगड कोणी ठेवले?' पाचव्या दिवशी जीप आली.

पोलिसांनी ते पाच दगड पिशवीत भरले, पिशवीला चिठ्ठी लावली आणि घेऊन गेले. खाली कोसभर खडी पसरलेली, त्यातले मोजून पाच. फुलसिंगचा हातोडा काढून घेतला. चौकशी होईपर्यंत लाईनीवर पाय ठेवायचा नाही. ठेवला तर घातपात करायला आला असं लिहितील, हे त्याला तोंडावर सांगितलं. सिद्ध झालं तर नोकरी, पेन्शन, चाळीस वर्षांचं नाव, सगळं एका फोटोत जाणार होतं.

तांड्यावर कोणी काही म्हणेना आणि कोणी काही विचारेना. हे दोन्ही एकदम झालं की माणूस एकटा पडतो.

पण फुलसिंगला नोकरीची पडली नव्हती. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, जेव्हा तो दिवस उगवायच्या सुमाराला माझ्या बांधावर येऊन उभा राहिला. लाईनीवर पाय न ठेवता जितकं जवळ जाता येतं तितकं.

"काहून आलास रे एवढ्या थंडीचा?"

"ती जागा, आक्का. दगड नेले त्यायनी. आता कोणाला ठाव ती कुठं हाय?"

"रेल्वेच्या साहेबाला सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. म्हणे, मशीनला काही सापडलं न्हाई अन् तुला कसं सापडलं."

तो तसाच उभा राहिला, नवाची पॅसेंजर येईपर्यंत. फुलसिंगनं बोरीची फांदी धरली. डबे जात होते, खिडक्यांत माणसं, एका दारात बाई लेकराला घेऊन उभी. एक एक डबा त्या जागेवरून जाताना त्याचे ओठ हलत होते, मोजत होता. शेवटचा डबा गेला तेव्हा त्यानं फांदी सोडली. तळहातात काटे रुतले होते. त्याला कळलंही नव्हतं.

असं रोज. नवाची, मग बाराची, मग मालगाडी. चौथ्या दिवशी जमनाबाई, त्याची बायको, भाकरी घेऊन बांधावर आली आणि माझ्यापाशी बसली.

"आक्का, खाऊन न्हाई राहिले ते. गाडी गेल्याबिगर घास उतरत न्हाई, अन् एक गेली की दुसरी येते."

"समजाव."

"कोणाला? रुळाचं समदं ऐकतेत. माझं चाळीस वर्षांत एक बोलणं ऐकलं न्हाई त्या कानानं."

हसू आलं, पण दोघींनाही पुरतं हसता आलं नाही. मला लखमाचं बोलणं आठवलं. लोखंड तुला बी खाईल. तेव्हा मला वाटलं होतं, म्हातारा नोकरीचं बोलतोय.

सहाव्या दिवशी विजयकुमार आला. मोटारसायकल लांब लावून खाली मान घालून चालत आला. जमनाबाईनं त्याला बसूही दिलं नाही.

"आता कोणाचा फोटू काढायला आलास? तिरडीचा?"

"मावशी, मी टाकला होता तिथून पुसला तो फोटो. पण तो आता हजार जागी गेला. परवा रेल्वेचे साहेब पंचनाम्याला येणार आहेत. मी सांगीन, मी काढला, हा माणूस झोपला नव्हता. पण दगडांचं मला काय माहीत? ते कोण सांगणार?"

जमनाबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी तिसरी शिकलेली. साहेबापुढं कधी उभी राहिलेली नाही. पण तांड्याच्या बाहेरची, दगडांचा अर्थ जाणणारी, दुसरी कोण होती?

साहेब आला तो तरुण होता. गळ्यात मफलर, थंडीनं कान लाल, हातात कागदांची फाईल. जगन मुकादम मागं, हातात फुलसिंगचाच हातोडा. सकाळचे साडेआठ झाले असतील. मी लदेणीपासून सगळं सांगितलं. बैल, कच्ची जमीन, पाच दगड, सेवा मुकादम. साहेबानं मधे तोडलं नाही, हे त्याचं चांगलं.

"आजी, मग हे त्यांनी रजिस्टरमध्ये का नाही लिहिलं?"

"चुकलंच ते. पण साहेब, त्याचं रजिस्टर ते. तुमी पिशवीत भरून नेलं."

साहेबानं बांधावरच्या फुलसिंगकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही लाईनीवर येऊ शकत नाही. मी परवानगी देऊ शकत नाही."

मी म्हटलं, "लाईन तुमची. वावर माझं हाय. वावरात त्यानं कुठं उभं राहायचं ते मी ठरवते."

साहेबाला ते कळलं. त्यानं फुलसिंगला लाईनीकडं पाठ करून बांधावर उभं केलं, जगनच्या हातातला हातोडा स्वतः घेतला आणि रुळावर गेला. जोडाजोडावर मारत निघाला. विजयकुमारनं मोबाईलवर तो फोटो मोठा करून साहेबाला आधीच दाखवला होता. खांबावरचा आकडा, दगड, जोड, सगळं त्यात होतं. ते फुलसिंगला माहीत नव्हतं, आणि साहेबानं सांगितलं नाही. मुद्दाम दुसरीकडूनच सुरुवात केली.

ठण्.

"न्हाई," फुलसिंग म्हणाला. डोळे मिटलेले.

ठण्.

"न्हाई."

जमनाबाईनं माझा हात धरला होता. तिच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतत होत्या. तिसरा, चौथा, पाचवा. साहेब एकदा फसवायला मागं जाऊन पहिल्याच जोडावर परत मारून आला. फुलसिंग म्हणाला, "हा पयलाच हाय." जगन खाली बघायला लागला.

सातव्यावर मला काही वेगळं ऐकू आलं नाही, खरं सांगते. पण फुलसिंगची मान झटक्यानं वळली.

"हा. साहेब, हाच. अन् त्या दिवशी असा नव्हता. दुखणं वाढलंय."

साहेबानं खांबाचा आकडा पाहिला, मोबाईल पाहिला. मग गुडघ्यावर बसून रुळावरून बोट फिरवलं. वरून काहीच नव्हतं, आरशासारखा रूळ.

"नवाची थांबवा," फुलसिंग म्हणाला.

साहेबानं फोन लावला. पलीकडून सांगितलं, गाडी मागच्या ठेसनावरून सुटली. आता हातात काही मिनिटं, आणि दिसत काही नाही. गाडी थांबवली आणि रूळ धड निघाला तर साहेबाच्याही नावानं फाईल उघडणार, एवढं मला अडाणी बाईलाही कळत होतं. तो रुळाकडं बघत होता आणि हलत नव्हता.

फुलसिंग तेव्हाही लाईनीवर उतरला नाही. बांधाच्या कडेला दोन्ही हात जोडून उभा राहिला.

"काही न्हाई निघालं तर आजच मला जीपीत घालून न्या. समदं कबूल करतो, जे लिहाल त्याच्यावर अंगठा देतो. पण थांबवा."

साहेब उठला. "जगन, झेंडी. फटाके. पळ."

जगनला एवढं पळताना त्याच्या बायकोनंही पाहिलं नसेल. धुक्यात तो दिसेनासा झाला. मग काहीच नाही. हळदीच्या पाल्यावरून दव टपकत होतं तेवढं ऐकू येत होतं. फुलसिंगनं डोळे मिटले होते. "आली," तो म्हणाला, आमच्यापैकी कोणालाही काही ऐकू यायच्या आधी.

लांबवर दोन आवाज झाले, फट, फट. रुळावर ठेवलेले फटाके चाकाखाली फुटले की ड्रायव्हर समजतो, पुढं धोका आहे. मग लांबलेला भोंगा, आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा असा आवाज, की जमनाबाईनं पदर कानांवर घेतला. आवाज येतच राहिला. धुक्यातून इंजिनाचा दिवा दिसला, मोठा होत गेला, आणि चार खांब अलीकडं थांबला.

जगन घासलेट घेऊन आला. साहेबानं जोडाला खालपर्यंत घासलेट लावलं, चिंधीनं कोरडं पुसलं आणि वर खडू घासून पांढरं केलं. मग सगळे वाट पाहू लागले. गाडीतली माणसं उतरून जवळ आली आणि अर्थातच फोटो काढू लागली. कोणी विचारलं, "काय झालं?" कोणी सांगितलं, "म्हशी आडव्या आल्या."

पांढऱ्या खडूवर खालच्या बाजूनं एक ओली काळी रेघ उमटली. केसाएवढी. मग ती वर सरकत आली. आत मुरलेलं घासलेट चिरेतून बाहेर येत होतं. साहेबानं खिशातला आरसा खाली धरून पाहिलं आणि आरसा तसाच धरून बसून राहिला.

फुलसिंग बांधावर खाली बसला. जमनाबाईनं भाकरी सोडली. त्यानं खाल्ली. आठ दिवसांत पहिल्यांदा, गाडी समोर उभी असताना.

साहेब जाताना बांधावर आला. हातोडा आणून फुलसिंगच्या हातात दिला. "उद्यापासून या. आणि काका, दगड ठेवा, पण लिहूनही ठेवा. मुकादमाला सांगा, तो लिहील." जगन म्हणाला, "लिहितो."

ते पाच दगड अजून पोलीस ठाण्यातच आहेत. कागद पुरे व्हायचे राहिलेत म्हणे.

विजयकुमारनं तो फोटो मोठा करून, काचेत बसवून आणला. जमनाबाई दोन दिवस टांगू देईना. म्हणाली, झोपल्यासारखाच दिसतो. मग टांगला, घंटीच्या शेजारी.

माघ सरत आला, आमची हळद शिजायला लागली. फुलसिंगच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. दुपारी ठेसनावर हार-नारळ होता, साहेबही येणार होते. मला वाटलं, आज सकाळी काही हा येत नाही. कढईखाली जाळ सारत होते आणि कानावर आलं, ठण्. मग थोडा वेळ काही नाही. मग परत, ठण्.

बांधावर येऊन उभा राहिला. अंगावर तोच निळा सदरा, खांद्यावर हातोडा.

"आक्का, पाणी."

"आज तरी घरी बसायचं. दुपारी हार घालून घ्यायचे, तर सकाळी पायपीट काहून?"

"हार दुपारी हाय. लाईन सकाळी असते."

तांब्या उपडा केला, तोंड पुसलं. समोर नव्या जोडापाशी गेला. हातोडा मारला, वाकला, कान लावला. मी कढईकडं जायचं सोडून बघत राहिले. तो उठला, एक चावी ढिली होती ती दोन घाव घालून बसवली आणि पुढच्या जोडाकडं चालू लागला.

"काय म्हणतो?" मी ओरडून विचारलं.

त्यानं मागं न बघता हात वर केला आणि पुढचा घाव घातला. अजून दीड कोस जायचं होतं, आणि मग तीन कोस परत.